विकलेली खाती

मोहनाने डाव्या दंडाखाली हात घालून तो हळूहळू वर उचलायला सुरुवात केली आणि वसुंधराने नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. कानाच्या पातळीपर्यंत हात जायचा, तिथे आत काहीतरी अडायचं आणि मग कळ थेट करंगळीपर्यंत उतरायची. ही जागा आता दोघींनाही पाठ झाली होती. महिनाभर, एक दिवसाआड, बँकेत जायच्या आधी साडेआठला वसुंधरा वासणा रोडवरच्या या दवाखान्यात येत होती आणि कळ यायच्या अगदी आधी मोहना म्हणायची, श्वास सोडा मॅडम. आज ती तसं म्हणाली नाही. हात अडायच्या जागी नेऊन तिने तो तसाच धरून ठेवला आणि पडद्यापलीकडच्या पेशंटला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "मॅडम, काल घरी दोन माणसं आली होती. कर्जाची. तुमचं नाव घेत होती."

वसुंधराने डोळे उघडले. छतावर ओलीचा पिवळट डाग होता. तो महिनाभर तिथेच असणार, पण तिला तो आत्ता दिसला. माझं नाव कशाला, असं तिने विचारलं आणि विचारताना आपला आवाज चोरासारखा आलाय हे तिलाच कळलं. मोहनाने हात खाली ठेवला, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी दाबली आणि सांगत गेली. संध्याकाळी सहाचा सुमार होता. बापू ड्यूटीवर जायला निघाले होते. माणसं इस्त्रीच्या शर्टातली, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. आत या म्हटलं तरी आत आली नाहीत, ओट्यावर उभी राहूनच बोलली, आणि डेपोमागच्या त्या खोल्यांच्या रांगेत ओट्यावर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. शिव्या दिल्या नाहीत. नीटच बोलली. म्हणाली, वसुंधरा मॅडमनी स्वतःच्या सहीने दिलेलं कर्ज आहे, तुमच्यामुळे त्यांना बँकेत मान खाली घालून बसावं लागतं, निदान त्यांच्याकडे बघून तरी भरा. "बापूंना बाकी कशाचं नाही वाटलं," मोहना म्हणाली. "रात्री ड्यूटीवरून दोनदा फोन केला. म्हणाले, मॅडमना खाली बघायला लागलं आपल्यापायी." तसं काही नाही ग, वसुंधरा म्हणाली, माझ्या मानेला काही झालेलं नाही. मोहनाने मान डोलावली. समोरचा भिडेपोटी काहीतरी बोलला की माणसं डोलावतात तशी. तक्रार ती करतच नव्हती. तक्रार केली असती तर वसुंधराला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की नाव त्यांना कुठून मिळालं हे कोडं नव्हतंच. मार्च महिन्यात तिनेच थकलेल्या कर्जांच्या त्या अकरा फायली खोक्यात भरल्या होत्या. यादी दोनदा ताडून पाहिली होती, खोक्याला चिकटपट्टी लावली होती, वर कंपनीचा पत्ता लिहिला होता. प्रत्येक फायलीच्या प्रत्येक पानावर खाली उजव्या कोपऱ्यात तिची गोल, सुवाच्य सही होती. तिच्या वडिलांनी, दत्ताजीरावांनी, ती सही तिच्याकडून घोटवून घेतली होती. ते आधी संस्थानच्या आणि मग विद्यापीठाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ज्या कागदावर सही करू त्याला आपण जन्मभर बांधलेले असतो, असं ते जेवताना, चालताना, केव्हाही सांगत, आणि लहानपणी तिला त्याचा कंटाळा यायचा. रिक्षा मकरपुऱ्याच्या रस्त्याला लागली. कंपन्यांच्या बसगाड्या, डबे अडकवलेल्या मोटारसायकली, लोखंड कापल्याचा तो करकरीत वास. उजव्या बाजूला पंपाच्या कारखान्याचं बंद फाटक गेलं. तिथे आता एका बाजूला लग्नाचा हॉल झाला होता. मोहनाचे बापू, पिलाजीराव निकम, त्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होते.

दोन हजार पाचच्या जुलैत ते पहिल्यांदा तिच्या टेबलासमोर बसले, ते खुर्चीच्या अगदी कडेवर. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये फिजिओथेरपी कॉलेजचा फीचा कागद. साताऱ्याकडचा माणूस, बडोद्यात पंचवीस वर्षं काढून गुजराती फर्डं बोलणारा, पण समोर मराठी नावाची पाटी दिसताच त्यांनी भाषा बदलली आणि ताई म्हणून हाक मारली. तिने सगळं समजावलं. चार लाखांच्या आत काही गहाण लागत नाही, जामीन लागत नाही, मुलीबरोबर तुमची सही. त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय बघून देता? मुलीचे मार्क, ती म्हणाली. त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, कारण त्यांचा विश्वास बसला नव्हता. जन्मात त्यांना कुणी काही न घेता काही दिलं नव्हतं. आणि मग शेवटी, उठता उठता, जरा ओशाळून त्यांनी विचारलं होतं, की नाहीच भरता आलं तर? त्यावर तिने जे उत्तर दिलं ते कुठल्या फॉर्मवर छापलेलं नव्हतं, कुणी तिला ते द्यायला सांगितलं नव्हतं. "बँक सरकारची आहे, पिलाजीराव. थांबेल. तुमच्या दारात माणसं पाठवणार नाही." हे वाक्य ती तेव्हा किती सहज बोलून गेली होती! तेविसाव्या वर्षी बँकेत लागली तेव्हा राष्ट्रीयीकरणाला दहा वर्षं होऊन गेली होती. ट्रेनिंगला सांगायचे की ज्याच्याकडे ठेवायला काही नाही त्याच्यासाठी ही बँक आहे, आणि तिला ते खरं वाटलं होतं. पुढे बाहेरचं सगळं बदलत गेलं, काचेच्या दारांच्या नव्या बँका आल्या, शाखेत संगणक आले, पण ते वाक्य तिच्या आत जुन्या जागी तसंच राहिलं. त्यावर जोखीम म्हणून कधी कुणी शिक्का मारला नाही.

कारखाना दोन हजार नऊमध्ये बंद पडला. मोहना पुढच्या वर्षी पास झाली, पहिल्या वर्गात. पेढे घेऊन आली होती. पण दवाखाने सहा हजार द्यायचे, मग साडेसहा, आता आठ. तीन लाख वीस हजारांवर व्याज चढत गेलं. पिलाजीराव एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले आणि जमेल तसे दोन हजार, दीड हजार आणून भरत राहिले. त्यात व्याजही निघायचं नाही. दोन हजार बारामध्ये कारखान्याच्या नुकसानभरपाईचे दोन लाख त्यांच्या हातात आले, तेव्हा ते सगळेच्या सगळे घेऊन आले. म्हणाले, ताई, एवढे घ्या आणि मिटवा, याच्यापुढे माझ्याकडे येणार नाहीत. तिने प्रस्ताव लिहिला, वर पाठवला. आठ दिवसांत एका ओळीचं उत्तर आलं, शैक्षणिक कर्जात तडजोडीची तरतूद नाही. ती ओळ त्यांना वाचून दाखवताना तिला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, तो सगळ्यांना सारखा, असंही वाटलं. दोन लाख घरखर्चात, बायकोच्या ऑपरेशनात विरघळून गेले.

आणि यंदा जानेवारीत यादी आली. राज्यातल्या अनेक शाखांची थकीत विद्यार्थी कर्जं एकत्र बांधून एका खासगी कंपनीला विकायची होती. मकरपुरा शाखेची अकरा. त्यात एक मुलगा वारलेला होता, एक परिचारिका होती, तिघे इंजिनिअर, आणि सातव्या नंबरवर मोहना पिलाजी निकम. शाखेने फक्त खाती बरोबर असल्याचा दाखला द्यायचा होता. वसुंधराने दाखला दिला नाही. तिने तीन पानांची नोट लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा बँकेच्या विरुद्ध लिहीत होती, त्यामुळे चार वेळा खाडाखोड करून. जी सूट तुम्ही कंपनीला देणार तीच सूट या मुलांना द्या, उद्या निम्मे जण पैसे घेऊन उभे राहतील, असं तिने लिहिलं. सरकारी बँकेने दिलेलं शिक्षणाचं कर्ज बाजारात विकायची वस्तू नाही, ते वाक्य विश्वंभरने सुचवलं होतं. तिचा नवरा रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता, वाक्यं त्याची चांगली असत. लिही, पण वाट बघू नकोस, असंही तो म्हणाला होता. संघटनेचे सेक्रेटरी श्रीपतराव तिची नोट वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. माणसं पगारवाढीला येतात हो, ते म्हणाले, दुसऱ्यांच्या पोरांसाठी कोण येणार? तरी त्यांनी धरणं ठरवलं. शनिवारी दुपारी, बँक सुटल्यावर, अलकापुरीत रीजनल ऑफिसच्या समोर. नऊ जण आले. गुजरातीत रंगवलेला फलक वसुंधराने धरला होता, पण तेव्हाच खांदा दुखायला लागला होता आणि डावा हात वर राहीना, त्यामुळे फलक सारखा एका बाजूला कलायचा आणि येणारे-जाणारे मान वाकडी करून वाचायचे. एका कॉलेजच्या मुलाने स्कूटर थांबवून विचारलं, आंटी, इथे लोन मिळतं का? सव्वापाचला श्रीपतराव म्हणाले, चला, चहा घेऊ.

उत्तर आलं ते मार्चमध्ये, मंजुरीच्या कागदाबरोबर. रीजनल मॅनेजर उत्कर्ष म्हणून तिशीतला मुलगा होता, अतिशय सभ्य. त्याने तिला बोलावून खुर्ची दिली, तुमची नोट सगळ्यांत अभ्यासपूर्ण होती म्हणाला, आणि कागदावरची ओळ बोट ठेवून दाखवली. शाखास्तरावरील मतांचा साकल्याने विचार करून हा निर्णय घेण्यात येत आहे. सोबत जोडलेल्या कागदांत तिची तीन पानं होती. म्हणजे ती लिहिली नसती तर त्या ओळीला आधार उरला नसता, हे तिला जिना उतरताना कळलं. महिनाअखेर तिने स्वतः नोंदी केल्या. मोहनाच्या खात्यावर पाच लाख दहा हजार येणं होतं. कंपनीकडून त्यापोटी एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार जमा झाले, उरलेले तोट्यात टाकले, आणि खातं बंद. बारा साली समोर ठेवलेले दोन लाख बँकेला चालले नव्हते. हे आकडे गुप्त ठेवावेत, बाहेर बोलल्यास कारवाई होईल, असं परिपत्रकात ठळक अक्षरांत होतं, आणि त्याखाली वाचल्याची म्हणून शाखेतल्या अकरा जणांच्या सह्या होत्या. एक तिची.

मोहनाने सांगितलं त्याच दिवशी अकराच्या सुमाराला कॅशियरने काचेवर टकटक करून तिला बोलावलं. बेन, हे काका ऐकत नाहीत, खातं पैसे घेतच नाही. काउंटरपुढे पिलाजीराव उभे होते. रात्रपाळीनंतर झोपले नसावेत, डोळे लाल, वॉचमनच्या निळ्या शर्टाला घडी नव्हती. हातात रबर लावलेलं नोटांचं पुडकं. चाळीस हजार आहेत ताई, त्यांनी सांगितलं, बायकोच्या पाटल्या आत्ता सराफाकडे ठेवून आणलेत, हे आज घ्या, म्हणजे तुम्हाला वर दाखवायला होतील. मागे रांग होती. लोक ऐकत होते. तिने त्यांना आपल्या टेबलाशी नेऊन बसवलं आणि सांगितलं की खातं आता इथे नाही, बँकेने ते दुसऱ्यांना दिलंय, इथे पैसे घेता येत नाहीत. पैसे घेत नाही म्हणणारी बँक त्यांच्या डोक्यात बसेना. "पण कर्ज तर तुम्ही दिलं होतं ना," ते म्हणाले, आणि त्यात आरोप नव्हता, ते नुसतं खात्री करून घेत होते. हो, ती म्हणाली. मग तुम्हीच घ्या की! त्यांनी पुडकं टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं. असं दोनदा झालं. तिला वाटलं, आपण घ्यावेत, आपल्या नावाच्या पाकिटात ठेवावेत, काहीही करावं, पण त्या नोटा परत त्या माणसाच्या हातात कोंबताना आपल्याला जे होतंय ते थांबवावं. दुपारी तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

शनिवारी ती त्यांच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेली. कुणी बोलावलं नव्हतं, बँकेच्या दृष्टीने तर जाणं चूकच होतं. चौथा मजला, गार हवा, काचेच्या खोलीत तन्मय नावाचा तरुण अधिकारी. त्याने आधी तिला नमस्कार केला. वसुंधरा मॅडम म्हणजे तुम्हीच का, तुमच्या फायली सगळ्यांत व्यवस्थित असतात, तो म्हणाला. तिने घरी माणसं पाठवण्याबद्दल विचारलं, आपलं नाव का घेता म्हणून विचारलं. फायलीत मंजुरी देणारा अधिकारी म्हणून नाव आहेच, लोकांना ओळखीच्या माणसाची लाज वाटते, त्याने समजावून सांगितलं. त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं आणि तिला ते नेमकं कसं वावगं आहे हे त्याच्या भाषेत सांगता येईना. मग त्याने गणकयंत्रावर बोटं फिरवली. व्याज धरून आता पाच लाख साठ झालेत, पण तुम्ही स्वतः आलात म्हणून चार लाख दहा, तीस दिवसांत, एकरकमी. पिलाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्यावर हो म्हणायचं का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. एक लाख अठ्ठ्याहत्तर. आकडा तिच्या जिभेवर आला होता. तो नुसता उच्चारला असता तर हा गुळगुळीत मुलगा दोन लाखांवर उतरला असता, कदाचित, किंवा तिने तो उच्चारल्याचं त्याने सोमवारी बँकेत वर कळवलं असतं. तिला निवृत्तीला दीड वर्ष होतं. पेन्शन, विश्वंभरची औषधं, वडिलांनी घोटवून घेतलेली ती सही, हे सगळं त्या गार खोलीत एकाच वेळी तिच्या छातीवर येऊन बसलं आणि तेवढ्यात पिलाजीराव म्हणाले, ताई आहेत म्हणून एवढं तरी कमी झालं. तिने टेबलावरच्या काचेत आपलं तोंड बघितलं आणि थोडं पाणी मागितलं. आपण भित्रे आहोत की खरं कळलं तर हा माणूस कोसळेल म्हणून गप्प आहोत, हे तिला पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही. स्वयंपाक करताना, रिक्षात, पहाटे जाग आल्यावर ती एकदा एक ठरवायची, एकदा दुसरं. विश्वंभरला तिने काही सांगितलं नाही. तिथून परतल्यावर तो कसं झालं म्हणाला, ती बरं झालं म्हणाली.

पिलाजीरावांनी डेपोमागची खोली विकली. मोहनानेच ते सांगितलं, दंडाला पट्टा बांधता बांधता. आता तरसालीच्या पलीकडे भाड्याने राहतात, बस बदलून यावं लागतं, म्हणून ती दवाखान्यात पंधरा मिनिटं उशिरा पोचते आणि तेवढे पैसे कापतात. आई दोन दिवस बोलली नाही. बापू मात्र हलके झालेत, ती म्हणाली, जागा लहान आहे ते बरं, झाडायला सोपी, असं म्हणतात. हे सांगताना ती किंचित हसली. वसुंधराने तिच्या बोटांकडे पाहिलं. पहिल्या वर्गात पास झालेली ती बोटं वसुंधराच्या हाडांमध्ये नेमकी जागा शोधत होती, आणि तिच्या मनात आलं की या बोटांत ते तीन लाख वीस हजार खरंच आहेत, कुठेही गेले नाहीत, कर्ज बुडालंय म्हणणारी माणसं काय म्हणतात मग? पण हा विचार घेऊन जायला जागा नव्हती. ती तो दवाखान्यातच ठेवून साडेनऊला रिक्षात बसली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पिलाजीराव शाखेत आले. गर्दी होती, बोनसचे दिवस. धुतलेला पांढरा शर्ट, केस विंचरलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र. खुर्चीवर ते या वेळी पूर्ण टेकून बसले. पत्र तिच्यापुढे सरळ करून ठेवलं. आता काही येणं बाकी नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली शिक्का होता. बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. तिने दोनदा वाचलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. तिने चहा मागवला. ते चहा बशीत ओतून प्यायले, कारखाना कुठल्या साली निघाला, कोण कोण कुठे गेले, ते बोलले. मग बशी खाली ठेवून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुढे वाकले. एवढ्या दिवसांत त्यांनी हे विचारायचं मनात धरून ठेवलं असावं.

"ताई, एक विचारू? ते पैसे त्या कंपनीने इकडे दिले ना? बँकेला सगळे पोचले का?"

वसुंधराच्या समोर स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाचं तरी खातं उघडं होतं. काउंटरवर नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं. चार लाख दहा हजारांतला एक पैसाही या इमारतीत आला नव्हता, येणार नव्हता. हे तिला माहीत होतं, वर उत्कर्षला माहीत होतं, कंपनीच्या चौथ्या मजल्यावर माहीत होतं. या माणसाने खोली विकली होती ती बँकेचं देणं फेडायला, तिची मान वर करायला.

"सगळे पोचले," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मग झालं. बँकेचं बुडवलं नाही आपण." पत्राची घडी घालून ते उठले, दोन्ही हात जोडले, आणि काचेचं दार अंगाने ढकलून मकरपुऱ्याच्या उन्हात गेले. समोरच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली. सोबत बारावी झालेली मुलगी होती आणि हातात फीचा कागद. बाईने विचारलं, बेन, भणवानी लोन अहीं ज मळे ने? शिकायचं कर्ज इथेच मिळतं ना, असं. वसुंधराने फॉर्म काढायला ड्रॉवर उघडला, आणि तिचा हात त्यातच राहिला.